तीस वर्षं वाट्याने जमीन कसणारा माणूस कूळ ठरतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: शिरूर तालुक्यात आजोबांची तीन एकर जमीन आहे, तीस-पस्तीस वर्षं एकच कुटुंब ती अर्ध्या वाट्याने करतंय, कागद एकही नाही आणि तुम्ही सगळे पुण्यात. काका म्हणतात, 'आत्ताच माणूस बदला, नाहीतर कूळ लागेल,' म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायद्याने हक्क येईल.

काकांची भीती अगदीच खोटी नाही, पण उपाय उलटा आहे. आणि आधीच सांगून टाकतो, माझे आजोबा भोरकडे स्वतः कूळ होते. त्यामुळे मी तटस्थ वगैरे नाही.

'बारा वर्षं कसली की जमीन त्याची' हा पारावरचा कायदा पहिल्यांदा डोक्यातून काढा. ती बारा वर्षं प्रतिकूल कब्जाची, म्हणजे मालकाला न जुमानता उघडपणे जमीन दाबून बसलेल्याची. दर सुगीला तुमच्या घरी अर्धा माल पोचवणारा माणूस तुम्हाला मालक मानूनच कसतोय.

कुळाचा कायदा निराळा. तो 1948 चा, आणि त्यातली खरी तारीख 1 एप्रिल 1957, कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून स्वतः जमीन कसत होता, तो बहुतेक ठिकाणी कायद्यानेच खरेदीदार झाला. किंमत नंतर त्याच कायद्याच्या कलम 32-ग च्या चौकशीत ठरायची: कायम कुळाला खंडाच्या (जमिनीच्या वार्षिक भाड्याच्या) 6 पट, बाकीच्यांना आकाराच्या (सरकारी शेतसाऱ्याच्या) 20 ते 200 पट. हप्ते फिटले की कलम 32-म चं खरेदीचं प्रमाणपत्र. आमच्या घरात ते अजून पत्र्याच्या ट्रंकेत आहे, आणि सातबाऱ्यावर कलम 43 चा शेरा. त्या शेऱ्यामुळे कित्येक वर्षं परवानगीशिवाय जमीन विकता येत नव्हती. 2014 च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या 40 पट रक्कम भरून विकता येते.

हे तुम्हाला कशाला सांगतोय? 'तीस-पस्तीस वर्षं' हा घरातला अंदाज असतो म्हणून. याच कुटुंबातला कोणी 1957 च्या आधीपासून त्या रानात होता का, हे आधी बघा. तेव्हा जमीन पणजीच्या नावावर होती का, ती विधवा होती का, किंवा आजोबा अज्ञान (वयाने लहान) होते का, हेही विचारा. अशा मालकांच्या बाबतीत कायद्याने खरेदीची तारीख पुढे ढकलली होती, आणि त्यातली प्रकरणं आजही निघतात. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून हाताने लिहिलेले जुने सातबारे आणि फेरफार (नोंदी बदलल्याचे कागद) काढा. 'इतर हक्क' वाचाच, पण पीक पाहणीतले 'जमीन करणाऱ्याचे नाव' आणि 'रीत' (जमीन कशा प्रकारे कसली) हे रकानेही सोडू नका. ऑनलाइन सातबारा पाहून निर्धास्त होणारे इथेच फसतात.

समजा 1957 आधीचं काहीच निघालं नाही. तरी दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कलम 4 प्रमाणे कूळ मानला जाऊ शकतो. त्यातून वगळलेत ते मालकाच्या घरचे, गहाण घेऊन ताब्यात असलेले, आणि मालकाचे पगारी नोकर किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली राबणारे मजूर; पिकाच्या हिश्शावर राबणारा नोकर मात्र यात वगळलेला नाही. तुम्ही कोथरूडात बसून देखरेख कशी सिद्ध करणार? बी-खत कोण घालतं, पेरणी कोण ठरवतं, यावर पारडं फिरतं. वाद झालाच तर कूळ आहे की नाही हे कलम 70(ब) खाली तहसीलदार ठरवतो, दिवाणी कोर्ट नाही.

आता काकांच्या युक्तीकडे या. 1957 नंतर लागलेल्या कुळाला जमीन विकत घ्यायचा हक्क कलम 32-ओ देतं, आणि त्यासाठी मुदत ठेवलीय कुळवहिवाट सुरू झाल्यापासून एक वर्षाची. करारात काहीही लिहिलेलं असो. म्हणजे दरवर्षी नवा माणूस आणलात की दरवर्षी नवं एक वर्ष सुरू! जुन्याचं ते वर्ष कधीच उलटून गेलंय. 'हा कूळ नाही' अशी ओळ पाचशेच्या स्टँपवर लिहून घेणारेही याच कलमाशी येऊन अडकतात.

या लपवाछपवीत मार खातो तो कसणारा. पीएम-किसानचे पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला, गारपिटीची भरपाई बहुधा त्यालाच, पीक कर्जाला सातबारा लागतो. पीक विम्यात वाटेकऱ्याला जागा आहे, पण करार दाखवावा लागतो, आणि करार करायला मालक घाबरतो. नीती आयोगाने 2016 मध्ये नमुना कायदा काढला तो याच गाठीवर: कसणाऱ्याला कागद मिळावा आणि मालकाची मालकीही जाऊ नये. नमुना म्हणजे सक्ती नव्हे, त्याच्या भरवशावर आज काही करू नका.

मी तुमच्या जागी असतो तर कागद हातात आल्यावर महसुली कामं करणाऱ्या वकिलाला दाखवले असते. दिवाणी नको, महसुली. शिरूरच्या तहसीलबाहेर तसे बसतात. तोवर कुणाला हाकलायचं नाही, पीक असताना तर नाहीच. जबरदस्तीने काढलेलं कूळ तहसीलदाराकडे ताबा परत मागू शकतं, आणि आज नसलेला वाद तुम्हीच उभा केलेला असेल. यंदा भरपाई तुमच्या खात्यावर आली, तर नुकसानीच्या हिशेबाने त्यांचा भाग त्यांना द्या, बँकेतून द्या. काकांना ते पटणार नाही, पण जमीन आजोबांची आहे. आजोबा हयात असतील तर त्यांनाच विचारा, हा माणूस रानात पहिल्यांदा आला तेव्हा काय ठरलं होतं.