वाचकांचे प्रश्न : रिग्रेशनचा तक्ता हातात आल्यावर

उपयोजित अर्थमितीचा पहिला पेपर आणि त्यासोबतचा छोटा प्रकल्प यांबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. रिग्रेशन म्हणजे एक चल इतर चलांबरोबर कसे बदलते हे आकडेवारीवरून काढणे.

प्रश्न : ओएलएसची, म्हणजे रिग्रेशनच्या सामान्य लघुतम वर्ग पद्धतीची, सिद्धता मला तोंडपाठ आहे. पण सॉफ्टवेअरने तक्ता समोर टाकला की कोणता आकडा कुठून आला हे सांगता येत नाही. सुरुवात कशी करू?

उत्तर : पाच नोंदी घ्या आणि एकदा सगळे हाताने करा. अर्ध्या तासाचे काम आहे. क्ष = १, २, ३, ४, ५ आणि य = ३, २, ६, ५, ९ असे धरा. सरासऱ्या ३ आणि ५. प्रत्येक नोंदीचे आपापल्या सरासरीपासूनचे अंतर काढा. मग दोन्ही अंतरांचा गुणाकार करून बेरीज घ्या : ४ + ३ + ० + ० + ८ = १५. क्षच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज १०. म्हणून उतार १५ ÷ १० = १.५ आणि स्थिरांक ५ − (१.५ × ३) = ०.५. यच्या अंदाजित किमती २, ३.५, ५, ६.५, ८ येतात आणि अवशेष (खरी किंमत वजा अंदाजित किंमत) १, −१.५, १, −१.५, १. अवशेषांची बेरीज शून्य यायलाच हवी. ती आली नाही तर वजाबाकी कुठेतरी घसरली आहे. अवशेषांना क्षने गुणून बेरीज केली तरी शून्यच येते.

अवशेषांच्या वर्गांची बेरीज ७.५ आहे, तर यच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ३०. म्हणजे आर-स्क्वेअर (यच्या एकूण फरकातला मॉडेलने पकडलेला वाटा) १ − ०.२५ = ०.७५. आता ७.५ ला तीनने भागा. नोंदी पाच असल्या तरी उतार आणि स्थिरांक काढण्यात दोन स्वातंत्र्यांश खर्ची पडले आहेत. उत्तर २.५. त्याला १० ने भागून वर्गमूळ घेतले की उताराची स्टँडर्ड एरर (नमुना बदलला तर उतार साधारण किती हलेल त्याचे माप) ०.५ मिळते. टी = १.५ ÷ ०.५ = ३.

‘टी दोनच्या वर गेला की सिग्निफिकंट’ (म्हणजे निव्वळ योगायोग न मानण्याजोगा) हे वाक्य वर्गात सर्रास ऐकू येते. पण तीन स्वातंत्र्यांश असताना ५ टक्के पातळीला टी किमान ३.१८ लागतो, १.९६ ही मोठ्या नमुन्यासाठीची मर्यादा आहे. आर-स्क्वेअर पाऊण आला, टी तीन आला, तरी उतार शून्य असण्याची शक्यता इथे फेटाळता येत नाही. हे पाच आकडे आता सॉफ्टवेअरमध्ये घाला आणि तक्त्यातला एकेक आकडा आपल्या कागदावर शोधा.

प्रश्न : माझ्या वेतनाच्या रिग्रेशनचा आर-स्क्वेअर फक्त ०.१४ आहे. मैत्रिणीने ३० वर्षांच्या वार्षिक आकडेवारीवर काम केले, तिचा ०.९७. माझे मॉडेल टाकाऊ का?

उत्तर : काळजी करायचीच तर मैत्रिणीने करावी. माणसामाणसांच्या वेतनात शेकडो कारणांनी फरक असतो. त्यातला १४ टक्के फरक तुमच्या दोन-तीन चलांनी पकडला, यात लाजण्यासारखे काही नाही. आर-स्क्वेअर कमी आहे म्हणून सहगुणक (म्हणजे त्या त्या चलाचा उतार) चुकीचा ठरत नाही. शिवाय कोणतेही फालतू चल घातले तरी आर-स्क्वेअर कधी उतरत नाही, तेव्हा त्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

काळाबरोबर वाढत जाणाऱ्या दोन मालिका मात्र एकमेकींशी काही संबंध नसतानाही झकास जुळतात. यूल यांनी १९२६ साली या खोट्या संबंधांकडे लक्ष वेधले. १९७४ मध्ये ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी परस्परांशी संबंध नसलेल्या यादृच्छिक मालिका तयार करून त्यांवरही ‘सिग्निफिकंट’ निकाल वारंवार येतात, हे दाखवले. त्यांचा एक ठोकताळा आजही उपयोगी पडतो : आर-स्क्वेअर हा डर्बिन-वॉटसनच्या आकड्यापेक्षा (लागोपाठच्या अवशेषांतला संबंध तपासणारा आकडा) मोठा दिसला तर संशय घ्या. दोन्ही मालिकांचे वर्षावर्षातले फरक काढून पुन्हा रिग्रेशन चालवायला सांगा; ०.९७ चे काय होते ते लगेच दिसेल.

प्रश्न : लॉग वेतनावर शिक्षणाच्या वर्षांचा सहगुणक ०.०९८ आला. बुद्धिमापन चाचणीचे गुण घातल्यावर ०.०८० झाला आणि व्यवसायाच्या डमी (असेल तर १, नसेल तर ० अशी चले) घातल्यावर ०.०५२. प्रकल्पात कोणता लिहू?

उत्तर : तिन्ही आकडे बरोबर मोजलेले आहेत, फक्त प्रत्येकाची तुलना वेगळी आहे. पहिला जास्त शिकलेल्यांची कमी शिकलेल्यांशी सरसकट तुलना करतो. दुसरा सारखे गुण असलेल्यांमध्ये ती करतो. तिसरा गुणही सारखे आणि व्यवसायही एकच, अशांमध्ये.

पहिल्यावरून दुसऱ्यावर येताना ०.०१८ कुठे गेले, हे हिशेबाने दाखवता येते आणि परीक्षक नेमके हेच विचारतात. दुसऱ्या रिग्रेशनमध्ये चाचणीच्या गुणांचा सहगुणक बघा. समजा तो ०.०३ आहे. मग चाचणीचे गुण अवलंबी चल म्हणून घ्या आणि शिक्षणाच्या वर्षांवर त्यांचे वेगळे रिग्रेशन चालवा. समजा उतार ०.६ आला. गुणाकार ०.०१८. तो ०.०८० मध्ये मिळवला की ०.०९८. हे सूत्र अंदाजाचे नाही, हिशेब पैन् पै जुळतो. अट एकच : तिन्ही रिग्रेशन त्याच नोंदींवर चालली पाहिजेत. इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. नमुन्यात ४,००० माणसे असतात, गुण ३,१०० जणांचेच असतात, आणि सॉफ्टवेअर उरलेल्या ९०० जणांना गुपचूप गाळते. मग सहगुणक चलामुळे बदलला की माणसे बदलल्यामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. आधी पूर्ण माहिती असलेल्या ३,१०० नोंदी वेगळ्या काढा आणि सगळे स्तंभ त्यांवरच चालवा.

गाळलेले चल हाताशी नसेल तेव्हा याच गुणाकाराची निदान दिशा सांगता येते. त्या चलाचा वेतनाशी संबंध धन आणि शिक्षणाशीही धन, तर तुमचा सहगुणक फुगलेला. एक धन आणि एक ऋण, तर तो खाली ओढला गेलेला. प्रकल्पात ‘काही चले राहून गेली असू शकतात’ एवढेच लिहिण्यापेक्षा अशी दिशा सांगणारे एक वाक्य कितीतरी मोलाचे.

आता व्यवसाय. चांगला व्यवसाय मिळणे हा शिक्षणाचाच एक परिणाम आहे. तो स्थिर धरला की शिक्षणाचा जो लाभ व्यवसायाच्या वाटेने येतो, तो तुम्ही स्वतःच कापून टाकता. शिक्षणाचा एकूण परिणाम हवा असेल तर ०.०५२ चा स्तंभ मुख्य निकाल म्हणून देऊ नका. हीच कसोटी गुणांनाही लावा. चाचणी शालेय वयात, पुढचे शिक्षण होण्याआधी घेतली असेल तर ते चल ठीक. शिक्षण संपल्यावर घेतली असेल तर गुणांवरही शिक्षणाची छाप पडलेली असते. कोणते चल कधी मोजले, हे डेटासोबतच्या माहितीपुस्तिकेत असते. ती पुस्तिका उघडण्याची सवय लावून घ्या.

एवढे करून ०.०८० लिहिला तरी त्याला ‘परिणाम’ म्हणताना जपून. घरची परिस्थिती, चिकाटी हे सगळे बाहेरच आहे. साधन-चल (शिक्षणाशी संबंध असलेले, पण वेतनावर फक्त शिक्षणाच्या वाटेनेच परिणाम करणारे चल) वापरावे असे इथे वाटू शकते. १९९१ मध्ये अँग्रिस्ट आणि क्रूगर यांनी जन्माची तिमाही हे साधन-चल घेऊन याच प्रश्नावर प्रसिद्ध निबंध लिहिला. पण साधन-चलाचा शिक्षणाशी संबंध क्षीण असला तर उत्तर भरकटते, हे १९९५ मध्ये बाउंड, जेगर आणि बेकर यांनी त्याच कामाच्या आधारे दाखवले. वापरायचेच असेल तर पहिल्या पायरीचा (साधन-चलावरून शिक्षणाचा अंदाज काढणाऱ्या रिग्रेशनचा) एफ दहाच्या वर आहे ना, हे निदान बघा. आणि दोन पायऱ्या हाताने चालवू नका. सहगुणक बरोबर येतो, स्टँडर्ड एरर चुकते, कारण दुसऱ्या पायरीचे अवशेष खऱ्या चलाऐवजी अंदाजित चलावरून काढले जातात.

प्रश्न : लॉग वेतनाच्या रिग्रेशनमध्ये शहरी भागाच्या डमीचा सहगुणक ०.४० आहे. म्हणजे ४० टक्के जास्त ना?

उत्तर : नाही, ४९ टक्के. सहगुणकाला १०० ने गुणण्याची सोय लहान आकड्यांपुरती आहे. ०.०८ साठी खरा आकडा ८.३ टक्के येतो, तिथे कोणी हरकत घेणार नाही. मोठ्या सहगुणकाला ई (सुमारे २.७१८) चा तेवढा घात काढून १ वजा करा. ई चा ०.४० वा घात १.४९. डमी उलटी केली, म्हणजे ग्रामीण = १ धरले, तर सहगुणक −०.४० येतो आणि उत्तर ३३ टक्के कमी. फरक तोच, फक्त पाया बदलला. म्हणून पायाभूत गट कोणता ते तक्त्याखाली लिहावेच लागते.

प्रश्न : रोबस्ट स्टँडर्ड एरर (अवशेषांचा पसारा असमान असला तरी चालणारी) नेहमीच वापरावी का? आणि दोन सॉफ्टवेअरमध्ये ती वेगळी का येते?

उत्तर : माणसे किंवा संस्था यांच्या एकवेळच्या आकडेवारीत बहुधा हो. अवशेषांचा पसारा सगळीकडे सारखा असेल ही अपेक्षा तिथे क्वचितच खरी ठरते. रोबस्टमुळे सहगुणक हलत नाही, फक्त स्टँडर्ड एरर बदलते. कधी ती लहानही होते. व्हाइट यांच्या १९८० च्या सूत्राचे लहान नमुन्यासाठी सुधारलेले अवतार आहेत; एचसी१, एचसी३ ही त्यांतलीच नावे. स्टेटा या सॉफ्टवेअरमध्ये साध्या ओएलएसला रोबस्ट म्हटले की एचसी१ मिळते. आर या सॉफ्टवेअरमधले सँडविच हे पॅकेज आपणहून एचसी३ देते. कोणते वापरले ते लिहा, वाद मिटतो.

खरी फसगत दुसरीकडे होते. समजा ६०० विद्यार्थी १२ शाळांतले आहेत, आणि तुमचे मुख्य चल शाळेच्या पातळीवरचे आहे; एखादी योजना शाळेत आहे किंवा नाही, असे. एका शाळेतल्या मुलांचे अवशेष एकमेकांसारखे असतात. त्यांचा आपसातला सहसंबंध अवघा ०.०५ असला तरी, शाळेमागे ५० मुले धरून, व्हेरियन्स (स्टँडर्ड एररचा वर्ग) १ + ४९ × ०.०५ = ३.४५ पट होतो, म्हणजे स्टँडर्ड एरर सुमारे १.८६ पट. टी ३ दिसत असेल तर तो प्रत्यक्षात १.६ आहे. नुसत्या रोबस्टने हे सुधारत नाही, शाळेनुसार क्लस्टर करावे लागते, म्हणजे एका शाळेतली मुले एक गट धरून स्टँडर्ड एरर काढावी लागते. त्यातही १२ क्लस्टर थोडेच, तेव्हा १.९६ सोडा आणि ११ स्वातंत्र्यांशांचा टी, २.२०, वापरा. वाइल्ड बूटस्ट्रॅप (अवशेषांची चिन्हे यादृच्छिक बदलून पुन्हा पुन्हा रिग्रेशन चालवण्याची पद्धत) जमत असेल तर आणखी चांगले.

प्रश्न : तक्त्यात किती दशांश द्यावेत?

उत्तर : बहुधा तीन पुरतात. सॉफ्टवेअरने दिलेले ०.०८०३४१७ तसेच चिकटवू नका, स्टँडर्ड एरर ०.०११ असताना पुढच्या आकड्यांना काही अर्थ नसतो. सहगुणक ०.००० दिसत असेल तर चलाचे एकक बदला, उत्पन्न हजारांत घ्या. प्रत्येक स्तंभाखाली नोंदींची संख्या द्या. आणि कंसात स्टँडर्ड एरर आहे की टी, हे तक्त्याखाली एका ओळीत सांगा.