वाचकांचे प्रश्न : ‘मृच्छकटिका’त चांगले कोण, वाईट कोण?

प्रश्न : गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिका’मुळे या नाटकाची गोडी लागली आणि आता शूद्रकाचे मूळ संस्कृत नाटक भाषांतरासह वाचले. चारुदत्त सद्गुणी आणि शकार दुर्गुणी, अशी सरळ वाटणी त्यात दिसते. मग मनुष्यस्वभावाचे नाटक म्हणून त्याची एवढी थोरवी का सांगितली जाते? आणि शेवटी शकाराला सोडून देणे हा न्याय कसा म्हणायचा?

उत्तर : आपण म्हणता ती दोन टोके नाटकात आहेत, परंतु दहा अंकांचा मोठा भाग त्या टोकांच्या मधल्या माणसांनी व्यापला आहे आणि चारुदत्तही अगदी निर्दोष नाही. गणिका वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेले दागिने चोरीला जातात, तेव्हा तो पत्नी धूतेची माहेरची रत्नावली भरपाई म्हणून पाठवतो, पण सोबत निरोप खोटा देतो की दागिने आपण जुगारात हरलो. कारण दरिद्री माणसाच्या घरी चोरी झाली यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, ही भीती त्याला सत्यापेक्षा मोठी वाटते. पुढे न्यायसभेत, गणिका तुमची मैत्रीण आहे काय, असे विचारल्यावर तो संकोचाने अडखळतो. लौकिक जपण्याचा हा स्वभाव त्याच्या औदार्याइतकाच त्याचा आहे.

दागिने चोरणारा शर्विलक ब्राह्मण आहे. मापाची दोरी विसरल्यामुळे तो जानव्यानेच भिंत मोजतो आणि मग भोक पाडतो. वसंतसेनेची दासी मदनिका हिला दास्यातून सोडवण्यासाठी त्याने ही चोरी केलेली असते. आपण स्त्रियांचे अंगावरचे दागिने हिसकावत नाही, दाईच्या कडेवरचे मूल पळवत नाही, असे तो अभिमानाने सांगतो. हाच माणूस, मदनिका मिळाल्याच्या क्षणीच पुढे राजा होणारा मित्र आर्यक कैदेत पडल्याची वार्ता ऐकतो आणि नववधूला पुढे पाठवून त्याला सोडवायला निघतो.

माझ्या मते मात्र नाटकाचा खरा कस आठव्या अंकात लागतो. तोवर शकार हे हसण्याचे पात्र असते: रामायण-महाभारतातली नावे तो एकमेकांत मिसळतो, राजाचा मेहुणा म्हणून मिरवतो आणि प्रेक्षक त्याला मूर्ख समजून निर्धास्त होतात. तोच शकार उद्यानात वसंतसेनेला मारण्यास आधी आपला सोबती विट याला आणि मग आपला दास स्थावरक याला सांगतो. विट सुसंस्कृत आहे. तो नकार देतो, परंतु शकाराच्या गोड बोलण्याला फसून तिला त्याच्यापाशी सोडून जातो. स्थावरकाला सोन्याचे आमिष दाखवले जाते, मारहाण होते, तरी तो बधत नाही. तुला कोणाची भीती वाटते, या प्रश्नावर तो परलोकाची म्हणतो. पुण्याचे फळ धन्यासारखे वैभव आणि पापाचे फळ आपल्यासारखे परान्नावर जगणे, असे तो समजतो. दैवदोषाने दास म्हणून जन्माला आलो, त्यात आणखी पापाची भर घालणार नाही, एवढेच त्याचे तत्त्वज्ञान आहे. ज्या समजुतीने त्याचे दास्य समर्थनीय ठरते, तिच्याच आधारावर तो धन्याला नकार देतो. या विलक्षण प्रसंगाइतके मोठे या नाटकात मला दुसरे काही दिसत नाही.

शेवटी शकार स्वतःच वसंतसेनेचा गळा दाबतो आणि ती मेली असे समजून खुनाचा आळ चारुदत्तावर घालतो. दहाव्या अंकात चारुदत्ताला वधासाठी नेत असताना बेड्यांसह खिडकीतून उडी टाकून स्थावरक सत्य सांगतो. पण याने सोने चोरले होते म्हणून मी याला मारले, एवढे शकाराने म्हणताच त्याची साक्ष व्यर्थ ठरते. दासाचे खरे बोलणेही कोणाला पटत नाही, हे त्याचे दुःख शूद्रकाने त्याच्याच तोंडी घातले आहे. त्याच अंकात, सज्जनाला छळणारे तेच खरे चांडाळ, असे वधाचे काम करणारे चांडाळ म्हणतात.

दुष्टपणाला बळ कुठून मिळते, हेही नाटक दाखवते. न्यायाधीश सज्जन आहे, चारुदत्ताने खून केला असेल असे त्याला वाटत नाही. तरी राजाला सांगून तुला काढून टाकीन, अशी शकाराने धमकी देताच तो त्याची फिर्याद ऐकायला घेतो. म्हणून शकाराला मिळालेल्या क्षमेविषयी माझे मत असे आहे : ती मिळते तेव्हा पालक राजा मारला गेलेला असतो, आर्यक गादीवर आलेला असतो आणि शकाराच्या पाठीशी कोणीही उरलेले नसते. तो सुधारला असे नाटक कुठेही सुचवत नाही. तो भीतीने पाया पडतो आणि शरण आलेल्यावर शस्त्र चालवायचे नाही म्हणून चारुदत्त त्याला सोडतो. आपली अस्वस्थता मी समजू शकतो, आणि तो पूर्ववत राहावा हे मलाही जड जाते. पण त्याच प्रसंगी स्थावरकाला दास्यातून मुक्त केले जाते. न्याय शोधायचा तर तो तिथे शोधावा.

प्रश्न : हे नाटक मुळात भासाचे आहे, असे ऐकले. मग शूद्रकाचे त्यात काय?

उत्तर : प्राचीन संस्कृत नाटककार भास याच्या नावावरचे ‘चारुदत्त’ चार अंकांचे आहे आणि शूद्रकाने ते पुढे वाढवले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आर्यकाचे बंड त्यात नाही, आणि उपलब्ध भाग वसंतसेना चारुदत्ताकडे निघते तिथेच थांबतो. उद्यानातला प्रसंग, न्यायसभा आणि वधस्तंभाकडे जाणारी वाट, म्हणजे वर ज्यांविषयी लिहिले ते बहुतेक सारे, त्या चार अंकांच्या पलीकडचे आहे. दोन्ही नाटके मिळवून पहिले चार अंक शेजारी ठेवून वाचावेत, आणि नंतर ‘मृच्छकटिका’चे आठ, नऊ, दहा हे अंक एका बैठकीत वाचावेत.