मोहोळ तालुक्यातल्या एखाद्या गावाची लोकसंख्या आणि तिथं जाण्या-येण्याची सोय कशी कळेल?

ताई, जूनमध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका गावी शिक्षिका म्हणून रुजू व्हायचंय, गाव केवढं आहे आणि मोहोळला राहून रोज जाणं-येणं जमेल का, असं तुम्ही विचारलंय. मी याच तालुक्यातली. अकरावी-बारावी गावाहून मोहोळला एसटीनं येऊन-जाऊन केली, म्हणून सांगते.

गावनिहाय आकडा २०११ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत मिळेल. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळं सगळीकडं हाच जुना आकडा फिरतो. तो वाचताना एवढं ध्यानात ठेवा की ती मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन गळीत हंगामात, ऊसतोड चालू असताना. त्या सगळ्या दिवसांत जो घरी नव्हता, त्याला जिथं सापडला तिथं मोजलं. आमच्याकडं साखर कारखान्याच्या आसपास बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोप्या (झोपड्या) घालून असतात. त्यामुळं उसाच्या गावाचा आकडा थोडा फुगलेला असू शकतो, आणि जिथली माणसं ऊसतोडीला जातात त्या कोरडवाहू गावाचा कमी दिसू शकतो.

शिवाय तो आकडा सगळ्या शिवाराचा असतो, नुसत्या गावठाणाचा नाही. उजनीचं पाणी आलं, ऊस वाढला, रात्रीच्या लाइटीवर मोटर चालू करायची, जनावरं सांभाळायची, म्हणून कितीतरी घरं रानात वस्तीवर राहायला गेली. तुमची शाळा गावठाणात आहे की एखाद्या वस्तीवर, हे आधी विचारा. वस्तीशाळा असेल तर एसटीतून उतरल्यावर दोन-तीन किलोमीटर राहतातच.

आता गाडीचं. त्याच पुस्तिकेत गावाला बस आहे की नाही तेही लिहिलेलं असतं, पण दिवसातून किती आणि कधी, हे नसतं. आणि सगळं त्यावरच आहे. आमची संध्याकाळची फेरी बंद झाली तेव्हा सकाळची चालू होती, म्हणजे कागदावर गावाला बस होतीच. आम्ही फाट्यावर उतरून पाच किलोमीटर चालायचो. हिवाळ्यात सहालाच अंधार. माझ्या वर्गातल्या दोघींना त्या एका गाडीपायी घरच्यांनी कॉलेजातून काढलं. दोघीही माझ्यापेक्षा हुशार होत्या. अजूनही मला त्याचं वाईट वाटतं.

मोहोळपर्यंत काळजी नाही. पुणे-सोलापूर हायवे गावाला लागून जातो, सोलापूर साधारण ३५ किलोमीटर, रेल्वे स्टेशनही आहे. खरा प्रश्न फाट्यापासून आतला. तिथं वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप चालते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही आणि अंधार पडला की भरवसा नाही. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, वडापला पूर्ण पैसे लागतात. रोजचा हिशेब केला तर फरक पडतो.

जूनमध्ये येताय म्हणून आणखी एक. आषाढीला गाड्या पंढरपूरला जादा सोडतात, तेव्हा गावाकडच्या फेऱ्या रद्द होतात. त्या आठवड्यात कुणाच्या तरी मोटारसायकलची सोय बघून ठेवा.

चौकशीसाठी दोन ठिकाणं पुरेत. मोहोळ स्टँडवरच्या कंट्रोलरला गावाचं नाव सांगून शेवटची गाडी किती वाजता आणि मुक्कामी गाडी आहे का, हे विचारा. मुक्कामी असेल तर ती रात्री गावातच थांबते आणि सकाळी पहिली तीच निघते. म्हणजे सकाळी गावातून बाहेर पडायची सोय पक्की, मग गावातच खोली घ्या. नसेल तर शाळेतल्या जुन्या शिक्षकांना फोन करा. मोहोळहून जाणारे असतील तर ते बहुतेक एकाच गाडीनं मिळून जात असतील, त्यात जागा आहे का तेवढं बघा.