मुलाच्या हाताला बेतलेला रॉड

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा सुट्टीच्या दिवशी आजोबांबरोबर खाडीच्या धक्क्यावर मासे गरवायला जातो. दिवाळीत त्याच्यासाठी लहान मुलांचा रॉड आणि रीळ असा संच मागवला होता. त्या रिळात तंगूस (गळाचा दोरा) सारखा आत अडकतो, फिरवायची मूठही निखळली आहे आणि आता ‘मला नाही यायचं’ असे तो म्हणू लागला आहे. दुकानदार सात फुटी कार्बनचा रॉड व मोठे रीळ सुचवतात, म्हणजे मोठेपणीही उपयोगी पडेल. आजोबांच्या मते बांबूची काठी पुरेशी आहे. नेमके काय घ्यावे?
— एक वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर : आपल्या मुलाची गरवण्याची आवड संपलेली नाही, त्याच्या हातातले साधन निकामी आहे, असे आपल्या पत्रावरून स्पष्ट दिसते. पाच ते साडेपाच फुटांचा, हलक्या ताकदीचा, दोन तुकड्यांत सुटणारा फायबरग्लासचा रॉड आणि त्यावर १००० ते २००० क्रमांकाचे (हा आकाराचा क्रमांक) उघडे स्पिनिंग रीळ घ्यावे, असे माझे मत आहे. वाढत्या अंगाचा सदरा घेण्याची आपल्याकडे रीत आहे, पण ती रॉडला लागू पडत नाही. सात फुटी रॉडचे टोक जड रिळासह सावरताना मुलाचे मनगट दुखते, रॉडचा मागचा दांडा पोटाला किंवा कोपराला अडतो, आणि फेकण्याची जी चुकीची सवय तेव्हा लागते ती पुढे सहज सुटत नाही.

आधी आजोबांच्या काठीविषयी, कारण त्यांचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला रीळ नसलेल्या काठीइतके चांगले साधन नाही. काठीच्या लांबीइतकाच तंगूस असल्यामुळे गुंता होत नाही, आणि मासा आमिषाला तोंड लावतो तेव्हा काय जाणवते हे मूल सर्वांत लवकर त्यावरच शिकते. अडचण आपल्या धक्क्याची आहे. भरतीला ही काठी उत्तम चालेल, पण ओहोटीला पाणी पुरुषभर खाली गेले की बांधलेला तंगूस अपुरा पडतो आणि मुलाला कडेवर वाकावे लागते. धक्क्यावर रीळ हवे ते मुख्यतः यासाठी. काठी टाकून देऊ नये, भरतीच्या वेळी तीच वापरावी.

आता रिळाकडे वळतो, कारण सगळी तक्रार तिथेच आहे. मुलांच्या संचात बहुधा झाकणाचे, बटण दाबून सोडायचे रीळ असते. ही रचना अमेरिकेतील टल्सा येथील झेब्को कंपनीने लोकप्रिय केली आणि तिथल्या तळ्यांवर मुलांच्या कित्येक पिढ्या तिच्यावर शिकल्या, तेव्हा ती मुळात वाईट नाही. गोड्या पाण्यावर चार ते सहा वर्षांच्या मुलासाठी चांगल्या प्रतीचे असे रीळ मी आजही सुचवीन. परंतु त्यात तंगूस गुंडाळणारी बारीक खुंटी आणि स्पूल (तंगूस ज्यावर गुंडाळतात ती फिरकी) दोन्ही झाकणाआड असतात. स्वस्त संचात तंगूस जाड व ताठ असतो, त्यात तो सैल गुंडाळला गेला की आतल्या आत वेटोळी पडतात आणि ती बाहेरून दिसतही नाहीत. शिवाय खाडीचे खारट पाणी झाकणाखाली शिरते, झाकण काढल्याशिवाय नीट धुतले जात नाही, आणि आतले धातूचे भाग गंजतात.

उघड्या रिळात सगळे डोळ्यांसमोर घडते. तारेची कमान उघडायची, तंगूस तर्जनीवर धरायचा, फेकताना सोडायचा आणि मग कमान हाताने मिटवून तंगूस किंचित ताणून घ्यायचा, हा क्रम सात वर्षांच्या मुलाला जमतो. बहुतेकांकडून चूक होते ती शेवटच्या पायरीवर : मूठ फिरवून कमान आपोआप मिटवली की पहिलाच वेढा सैल बसू शकतो आणि पुढच्या फेकीत त्याचाच गुंता होतो. पहिले काही दिवस गळ न लावता, नुसते छोटे शिसे बांधून अंगणातच सराव करून घ्यावा.

दुकानात मुलाला बरोबर न्यावे. रीळ रॉडला बसवून त्याच्या हातात द्यावे आणि रिळाचा पाय (रॉडला जोडणारी दांडी) त्याच्या मधल्या बोटाच्या व अनामिकेच्या मध्ये येऊ द्यावा. या स्थितीत तर्जनी सरळ केली की ती स्पूलच्या पुढच्या कडेला सहज टेकली पाहिजे. टेकत नसेल तर ते रीळ मोठे आहे, मग खोक्यावर बेअरिंगचा आकडा कितीही मोठा छापलेला असो. त्या आकड्यावरून रिळाची प्रत ठरत नाही. मूठ उलटी फिरवून पाहावी, ती डगडगता कामा नये. तंगूस ज्यांतून जातो त्या रॉडच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवावा : कापसाचा तंतू अडकला तर तिथे खरखरीत कड किंवा तडा आहे आणि तो तंगूस कापणार. पैसे मोजकेच असतील तर रॉड साधा घ्यावा, रीळ मात्र चांगले घ्यावे.

कार्बनच्या रॉडला माझा नकार केवळ किमतीमुळे नाही. तो हलका आणि संवेदनशील असतो हे खरे, पण दारात किंवा रिक्षात टोक चेमटले की तुटतो, फायबरग्लास बरेच सोसतो. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. बांधावरून विजेच्या तारा गेलेल्या असतील तिथे मुलाच्या हाती तो देऊच नये. तारांखाली कोणताही रॉड आडवा धरूनच चालावे आणि आभाळ गडगडू लागले की सरळ घरी यावे.

तंगूस साधा नायलॉनचा, तीन ते चार किलो ताकदीचा घ्यावा. विणलेला दोरा बोट कापतो, तो मुलासाठी नको. स्पूल काठोकाठ न भरता कड दोन मिलिमीटर मोकळी ठेवावी.

ड्रॅग, म्हणजे किती ताणावर तंगूस सुटावा हे ठरवणारा रिळाचा ब्रेक, मात्र आजोबांनी स्वतः लावून द्यावा. तंगुसाचे टोक स्प्रिंगच्या काट्याला अडकवून ओढावे आणि पाऊण ते एक किलोवर स्पूल सरकू लागेल इतकेच ड्रॅगचे बटण आवळावे. एखादी तांबोशी जोराने पळाली तर तंगूस तुटण्याऐवजी सुटत जाईल. स्पूल अशी उलटी फिरत असताना मुलाने मूठ फिरवायची नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे, कारण त्याने तंगुसाला पीळ पडतो आणि पुढचे सगळे गुंते त्या पिळातून जन्मतात.

गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, म्हणजे बोटात रुतला तरी तो सहज निघतो. शेंगटी हा काटेरी मासा लागला तर मुलाने हात लावू नये. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांमागचा काटा विषारी असतो. धक्क्यावर लाइफ जॅकेट आणि डोळ्यांना चष्मा हवाच, मग मुलाला पोहता येत असो वा नसो.

घरी आल्यावर ड्रॅग आधी घट्ट करावा, म्हणजे पाणी त्याच्या चकत्यांत शिरत नाही. मग रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुऊन पुसावे, आणि सुकवायला ठेवताना ड्रॅग पुन्हा सैल सोडावा. धुण्यापुसण्याचे काम मुलाकडेच सोपवावे, मात्र पुढच्या वेळी निघण्यापूर्वी ड्रॅग काट्यावर पुन्हा लावून घ्यायला आजोबांनी विसरू नये.