गाणं जमते, पुस्तक काहून फसते?

प्रश्न : मी गडचिरोलीतल्या वडशाकडचा. आमच्या भागातले पोट्टे स्वतःच गाणं रेकॉर्ड करून युट्यूबवर टाकतात, ते ऐकावंसं वाटते. पण कोणी पदरच्या पैशानं कथासंग्रह काढला की दहा पानांत कंटाळा येते. दोघंही कंपनीशिवायच करतात न, मग असं काहून? माह्या कथा लिहून तयार आहेत, छापू का नको?

उत्तर : भाऊ, छापा, पण घाई नका करू. फरक आहे हे खरं, पण म्हणून लिहिणारे आळशी असं नाही. तुमच्याकडचीच झाडीपट्टी रंगभूमी घ्या, दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, गाणं पडलं की मांडवात लगेच समजते, लोक आपसात बोलायला लागतात, अन् पुढच्या गावाला जाईपर्यंत चाल बदललेली असते. भजनी मंडळात तर सूर हलला की पेटीवाला तिथंच पाहते. म्हणजे अशात वाढलेला पोरगा रेकॉर्डिंगला बसतो तेव्हा कान तयार असते त्याचा. कथा मात्र घरून डीटीपीवाल्याकडे अन् तिथून थेट छपाईला, मधे एक परका माणूस नाही. प्रकाशकाकडे निदान चांगला संपादक असला तर अर्धं कापतो, भांडण होते, पण पुस्तक सुधरते. आणि वाईट गाणीही ढीगभर असतात बरं, आपण अर्ध्या मिनिटात पुढं सरकवतो म्हणून आठवत नाहीत, पुस्तकाला पैसे मोजलेले असतात.

मला सगळ्यात जास्त खुपतात त्या प्रूफच्या, म्हणजे छपाईत राहिलेल्या चुका. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड या आताच्या पद्धतीत नेताना रफार इकडचे तिकडे होतात, जोडाक्षरं फुटतात, कोणी तपासत नाही, अन् चांगली कथा तिथंच मरते.

तुम्ही असं करा, नात्यात नसलेल्या कोणाला तरी कथा मोठ्यानं वाचायला लावा, तुम्ही गप्प बसा, तो जिथं अडखळला तिथं खूण करा. कव्हरपेक्षा मुद्रितशोधनावर खर्च करा. पुस्तक छापून देणारे पॅकेजवाले आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख नंबरचे, वेगळे पैसे मागतील, देऊ नका, भारतात तो नंबर राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून फुकट मिळते, अन् त्याचा दर्जाशी काही संबंध नाही. पहिले प्रिंट ऑन डिमांडनं, म्हणजे मागणी येईल तशा छापून, थोड्याच प्रती काढा, चुका सापडल्या तर दुरुस्त तरी करता येतील. आणि संवाद झाडीबोलीत असतील तर प्रूफवाल्याला आधीच सांगा, नाहीतर तो सगळ्या 'पानी'चं 'पाणी' करून ठेवेल.