ऑगस्टमध्ये मुलाला एएसयूत (अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी) सोडायला आरव्ही (आत राहता येईल अशी मोठी गाडी) घेऊन अ‍ॅरिझोनातल्या टेम्पीला जातोय. दोन आठवडे राहायला आरव्ही पार्क बरा की कॅम्पग्राउंड?

प्रश्नात तुम्ही "युनिव्हर्सिटीजवळ", "शांत" आणि "थोडी झाडी असलेली" जागा हवी म्हटलंय. विजेबद्दल चकार शब्द नाही. माझ्या साडूचंही अगदी हेच होतं, म्हणून लिहायला बसलो.

ऑगस्टात टेम्पीला जागा घ्यायची ती पेडेस्टल (जागेवरचा विजेच्या जोडणीचा खांब) बघून. डोंगर, झाडं, स्विमिंग पूल हे सगळं मागाहून.

आमचे साडूभाऊ मूळ नागपूरचे, आता ह्यूस्टनला असतात. मुलीला डॉर्ममध्ये सोडायला स्वतःची फिफ्थ व्हील (पिकअपला जोडून ओढायचा मोठा ट्रेलर) घेऊन आले. ३६ फुटी धूड, छतावर दोन एसी, ५० अँपची केबल. मी आधीच फोनवर सांगितलं होतं की शेजारच्या मेसा शहरात जरा नवा पार्क घ्या, ५० अँप आणि सीवरसकट फुल हुकअप (वीज, पाणी, सांडपाणी तिन्ही जागेवरच) आहे का ते विचारा. तर म्हणे, "नागपूरचा माणूस आहे मी. ४५ डिग्री आम्ही कूलरवर काढलेत." अहो, पण नागपूरच्या त्या वाड्याच्या भिंती केवढ्या जाड! आरव्हीची भिंत जेमतेम दोन इंचांची. शिवाय नागपुरात जूनमध्ये पाऊस पडतो आणि माणूस सुटतो. इथे २०२३ साली शेजारच्या फिनिक्सचं कमाल तापमान सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट किंवा त्याहून वर होतं, म्हणजे ४३ सेल्सियसच्या पुढे. रात्रीही हायसं वाटेल असं काही होत नाही. नळाचं "गार" पाणी अंगावर घेतलं तर चटका बसतो.

तर त्यांनी घेतला एक जुना पार्क. कारण काय, तर तुतीची मोठी झाडं होती, लाइट रेलचं स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ होतं आणि भाडं कमी होतं. पेडेस्टलवर फक्त ३० अँप. तिथे डॉगबोन अडॅप्टर लावून ५० ची केबल जोडली. आता हिशेब बघा. ३० अँप गुणिले १२० व्होल्ट, म्हणजे ३६०० वॅट. ५० अँपच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन लाइनी येतात आणि १२,००० वॅट मिळतात. डॉगबोनने प्लग बसतो, वीज वाढत नाही. म्हणजे दोनपैकी एकच एसी चालणार आणि बेडरूमची भट्टी होणार.

संध्याकाळी आम्ही डबा घेऊन गेलो. माझ्याकडचा मीटर लावून बघितला तर व्होल्टेज १०४. सहा-साडेसहाला सगळा पार्क कामावरून परततो, प्रत्येकाचा एसी जोरात सुरू होतो आणि जमिनीतली जुनी वायर दम टाकते. एसी सुरू होताना कॉम्प्रेसर कण्हत होता. एवढ्या कमी व्होल्टेजवर तो जळायला वेळ लागत नाही. तेवढ्यात मेव्हणीने वरण गरम करायला मायक्रोवेव्ह लावला आणि ब्रेकर पडला. साडूभाऊंनी बाहेर जाऊन तो वर केला. पुन्हा पडला. पुन्हा वर केला. शेवटी मी प्लग ओढून काढला तर हातात धरवेना इतका तापलेला. एक पिन तपकिरी झाली होती, तिच्याभोवतीचं प्लास्टिक वितळून काळं कडं तयार झालेलं, आणि जळक्या बॅकेलाइटचा तो वास. साडू म्हणाले, "ब्रेकर खराब आहे." मी म्हटलं, इथे तो एकटाच शहाणा आहे.

ऑफिसातल्या माणसाने खांदे उडवले, उन्हाळ्यात असंच असतं म्हणे. मंडळी झोपायला आमच्या घरी आली. तरी आजतागायत गणपतीत विषय निघाला की साडूभाऊंचं पालुपद एकच, "झाडं होती म्हणून निभावलं." झाडांनी छत कमी तापतं, मान्य. पण सावली कॉम्प्रेसर फिरवत नाही!

आता तुमचं. लॉस्ट डचमन स्टेट पार्क आणि अशरी (Usery) माउंटन ही कॅम्पग्राउंडं सुंदरच आहेत, लॉस्ट डचमनला तर सुपरस्टिशन डोंगर अगदी समोर. पण सग्वारो निवडुंगाची सावली म्हणजे खांबाची सावली. वीज-पाणी मिळतं, सीवर मात्र जागेवर नाही, टाकी रिकामी करायला डंप स्टेशनला जावं लागतं. दोन आठवडे चार माणसांनी दिवसातून दोनदा आंघोळ केली की काय होईल ते तुम्हीच ठरवा. शिवाय कॅम्पसपर्यंत पाऊण तास धरा. तेव्हा आरव्ही पार्कच घ्या, मेसा किंवा अपाची जंक्शनकडे. तिथले बरेच पार्क ५५ वर्षांवरच्यांसाठी आहेत, त्यामुळे मुलगा तुमच्याबरोबर किती रात्री राहिलेला चालेल ते आधीच विचारून घ्या. हिवाळ्यापुरते येणारे मिनेसोटा-कॅनडाचे म्हातारे एप्रिलमध्येच घरी परततात, म्हणून ऑगस्टात जागाच जागा असते. भाव बिनधास्त पाडून मागा. रिग (म्हणजे तुमची आरव्ही) दहा वर्षांपेक्षा जुनी असेल तर काही ठिकाणी घेत नाहीत. महिन्याच्या दरात वीज सहसा धरलेली नसते, मीटर वेगळा. आणि फ्रिजची बाजू पश्चिमेला येणार नाही अशी जागा मागा, नाहीतर दुपारी दूध नासतं.

वाऱ्याचंही सांगून ठेवतो. सप्टेंबरअखेरपर्यंत इथला मॉन्सून असतो. संध्याकाळी धुळीची भिंत चालून येते, तेव्हा बाहेर पडताना ऑनिंग (बाजूला पसरायचं कापडी छत) गुंडाळूनच निघा.

हे सगळं उन्हाळ्याचं झालं. डिसेंबर ते मार्चमध्ये येणार असाल तर वरचं विसरा आणि लॉस्ट डचमन मिळतंय का ते बघा, तेही खूप आधीपासून. आणि ऑगस्टात ५० अँप मिळाले तरी छतावरचा एसी आत ओढलेली हवा साधारण २० फॅरनहाइटने गार करतो, त्याहून जास्त नाही. बाहेर ११२ असताना आत गारेगार होईल या भ्रमात राहू नका. खरं तर हा हॉटेलांचा मंदीचा हंगाम असतो, दर पडलेले असतात. आरव्ही घरी ठेवून गाडीने आलात तरी चालेल. मेव्हणीचं तेव्हाही हेच म्हणणं होतं.

आणायचीच असेल तर मूव्ह-इनच्या (मुलं डॉर्ममध्ये राहायला येतात त्या) दिवशी रिग कॅम्पसवर नेऊ नका. वळायला जागा मिळत नाही. सामान पिकअपमध्ये टाका आणि ट्रेलर पार्कातच राहू द्या, एसी चालू ठेवून.