जुना लॅपटॉप, क्रॅक केलेलं ऑफिस आणि सोसायटीचं दप्तर : रोजचं सगळं काम फुकटच्या साधनांवर हलवता येईल का?

येईल. फक्त तुम्ही ज्या क्रमाने जायचं म्हणताय तो उलटा करा.

बाकी वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, त्यावर विंडोज १०, दुकानदाराने ‘टाकून दिलेलं’ ऑफिस. तुम्ही हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे बऱ्याच वर्षांच्या मराठी नोटिसा आणि इतिवृत्तं त्याच मशीनमध्ये, मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमध्ये, आणि शेजारी एक जुना लेझर प्रिंटर. तुम्हाला आधी विंडोज काढून लिनक्स ही फुकटची प्रणाली टाकायचीय, मग ऑफिसऐवजी गूगल डॉक्स, झोहो की लिब्रेऑफिस ते ठरवायचंय, आणि जुन्या फायली ‘सवडीने’ बघायच्यात.

ती सवड तेव्हा मिळणार नाही. सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. तिघांपैकी कशातही नोटीस टाइप होते आणि बेरीज बरोबरच येते. घोडं अडतं ते जुन्या मराठी फायलींपाशी. माझी निम्मी हयात डीटीपीत, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्यात गेली, त्यामुळे हे जरा सविस्तर सांगतो.

एखादं जुनं इतिवृत्त उघडा, चार ओळी कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठीची मराठीच राहिली तर तुम्ही सुटलात, पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या. रोमन अक्षरं आणि स्वल्पविराम-कंसांचा काला दिसला, तर ती फाईल युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी ठरलेल्या सामायिक संगणकी पद्धतीत नाही. ती कृतिदेव, श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी असल्या एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण आपल्याकडची ऑफिसं, छापखाने आणि टायपिंगची दुकानं पुढे कितीतरी वर्षं या फॉन्टांवरच चालली. त्यांत मराठी फक्त डोळ्यांना दिसते. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ असं लिहिलेलं असतं तिथे संगणकाच्या लेखी ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरं असतात. फॉन्ट त्यांना मराठी वेष चढवतो. लिनक्सवर किंवा गूगल डॉक्समध्ये तो फॉन्ट नसतो, म्हणून वेष उतरतो आणि काला समोर येतो. फाईल खराब झालेली नसते, पण बघणाऱ्याला तसंच वाटतं.

यावर कन्व्हर्टर असतात. वेबवर फुकट मिळतात, श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांतही युनिकोडमध्ये नेण्याची सोय आहे. फॉन्ट नेमका कुठला ते आधी वर्डमध्ये बघून घ्या, कारण प्रत्येकाची अक्षरजुळणी वेगळी आणि कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीच्या फाईलला कामाचा नाही. रूपांतर झालं की डोळ्यांत तेल घालून वाचा. जुन्या फॉन्टांत आपण टाइपरायटरसारखं दिसेल तसं टाइप करायचो. ‘किरण’मधली ऱ्हस्व वेलांटी क-च्या आधी, ‘कर्ज’मधला रफार ज-च्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो, त्यामुळे कन्व्हर्टरला या खुणा उचलून योग्य जागी ठेवाव्या लागतात आणि जोडाक्षर आलं की तो हमखास गडबडतो. मजकुरात मध्येच इंग्रजी शब्द असेल, एखाद्या सभासदाचा ईमेल असेल, तर तोही मराठी समजून त्याचं काहीतरी भलतंच करून ठेवतो. आडनावं, फ्लॅट नंबर आणि रकमा मूळ प्रिंटशी ताडून बघा. ठरावात कुणाचं आडनाव चुकलं की सभेत पहिला हात त्यांचाच वर होतो.

मात्र सगळंच रूपांतरित करण्याच्या भरीस पडू नका. ज्या फायली पुन्हा उघडून बदलायच्या आहेत तेवढ्याच करा : नोटिशीचा मसुदा, थकबाकीचं पत्र, ना-हरकत दाखला, चालू वर्षाची इतिवृत्तं. बाकी जुनी इतिवृत्तं आहेत त्याच मशीनवर, आहे त्याच वर्डमधून पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, कुठेही नीट दिसतो. त्यात मराठी शब्द शोधता येणार नाही, म्हणून फाईलला सभेची तारीख आणि विषय असं नाव द्या. सह्या असलेलं इतिवृत्ताचं पुस्तक, सभासदांची आय आणि जे रजिस्टर ही तशीही कागदावर आहेतच. हे सगळं विंडोज काढायच्या आधी करायचं. काही सॉफ्टवेअरना डोंगल, म्हणजे मशीनला लावायची किल्ली लागते, काहींची सीडी केव्हाच हरवलेली असते. एकदा फॉरमॅट मारला की ते फॉन्ट परत मिळवायला दारोदार फिरावं लागतं.

आता ऑफिस. माझा सरळ सल्ला : मशीनवर लिब्रेऑफिस, आणि चारचौघांनी मिळून बघायच्या गोष्टींसाठी गूगल. एकच काहीतरी निवडायची गरज नाही. झोहो वाईट नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहोवर गेल्याचं जाहीर केल्यापासून त्याची चर्चा बरीच झाली. पण तुमच्या कमिटीतल्या सगळ्यांकडे जीमेल आधीपासून आहे, नवीन खातं उघडा म्हणालात तर अर्धे जण उघडणार नाहीत. बाकी कारण काही नाही.

लिब्रेऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालं, आणि काम तेव्हापासून याच बाजूला चालू आहे. शोधताना जुनं ओपनऑफिस दिसेल, ते उतरवू नका. बसवल्यावर एक गोष्ट लगेच करा, नाहीतर ‘यात मराठी नीट येत नाही’ म्हणत तुम्ही आठवडाभरात परत फिराल. लिब्रेऑफिस देवनागरीचा फॉन्ट रोमनपासून वेगळा ठेवतं. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये जाऊन भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून मराठी निवडा, आणि रायटरच्या सेटिंगमध्ये त्याच नावाच्या बेसिक फॉन्टांच्या पानावर तुमचा फॉन्ट आणि आकार ठरवा. फॉन्ट म्हणाल तर मुंबईच्या एक टाइपचा मुक्त घ्या, किंवा टिरो देवनागरी मराठी. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. बऱ्याच फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. टिरोच्या मराठी आवृत्तीत ते आपल्या वळणाचे आहेत. सोसायटीच्या नोटिशीला एवढा फरक कोण बघतो म्हणाल. मी बघतो.

टायपिंगसाठी आता काहीच विकत घ्यावं लागत नाही. इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा प्रमाण कीबोर्ड येत असेल तर विंडोज असो की लिनक्स, कीबोर्ड तोच. रोमनमधून टाइप करायची सवय असेल तर विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक आहे. गूगल डॉक्समध्ये बोलूनही लिहिता येतं, पण विरामचिन्हं आणि नावं हाताने सुधारावी लागतात. इनस्क्रिप्टवाल्यांना एक : ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला अर्धा र येत नाही अशी तक्रार असते. शिफ्ट धरून जे दाबा, ऱ उमटेल. मग डी-वरचं हलन्त, मग य. झालं.

एक्सेलची साधी सूत्रं लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये जशीच्या तशी येतात. मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम असतील तर भरवसा नाही, गूगल शीट्समध्ये तर ते चालतच नाहीत, नव्याने लिहावे लागतात. तुमच्या हिशेबात मॅक्रो असतील असं वाटत नाही. पाठवायची गोष्ट मात्र नेहमी पीडीएफ करून पाठवा. समोरच्याकडे फॉन्ट वेगळा असला की शेवटची सहीची ओळ दुसऱ्या पानावर जाते आणि मग फोन येतात.

गूगलच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं : सोसायटीच्या फायली तुमच्या स्वतःच्या जीमेलवर ठेवू नका. सोसायटीच्या नावाने वेगळं खातं काढा, रिकव्हरीला तुमचा आणि खजिनदारांचा असे दोघांचे संपर्क द्या, पासवर्ड बंद पाकिटात कपाटात. कमिटी पाच वर्षांनी बदलते, मधे कुणी राजीनामा देतं, कुणी मुलाकडे परदेशी जातं, आणि नव्या सेक्रेटरींना जुना हिशेब कुणाच्या खात्यात आहे हेच माहीत नसतं. फुकट जागा १५ जीबी, त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं धरून. दोन वर्षं खात्याकडे कुणी फिरकलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं. आणि फुकटची सेवा कायमची असते असं समजू नका : गूगलने रीडर २०१३ मध्ये बंद केलं, पिकासा २०१६ मध्ये. टेकआउट नावाची सोय आहे, तिथून वर्षातून एकदा सगळं उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. लिब्रेऑफिसचं तसं नसतं. एकदा बसवलं की उद्या ती संस्था राहो न राहो, तुमच्या मशीनवरचं चालू राहतं.

शीट शेअर करताना ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय थकबाकीच्या यादीला लावू नका. ती लिंक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते, तिथून कुठे जाते कुणास ठाऊक. आणि क्रोममध्ये ऑफलाइन वापर आधीच चालू करून ठेवा. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर चालत नाही.

याहून मोठा धोका मला दुसरीकडे दिसतो. भाडेकरूचं आधार कार्ड, भाडेकरार, ‘२०० केबीच्या आत’ फोटो मागणारे सरकारी फॉर्म. यासाठी आपण गूगलवर ‘पीडीएफ लहान करा’ शोधतो आणि जी पहिली साइट येईल तिच्यावर लोकांची कागदपत्रं चढवतो. वेबवरची साधनं दोन जातींची असतात. काही तुमची फाईल त्यांच्या सर्व्हरवर नेतात, काही तुमच्या ब्राउझरमध्येच काम करतात. ओळखायची सोपी युक्ती : पान उघडलं की वायफाय बंद करा आणि मग फाईल द्या. काम झालं, तर फाईल तुमच्याकडेच राहिली. फोटो लहान करायला स्क्वूश आणि फोटोशॉपसारख्या कामांना फोटोपी, ही दोन्ही अशी ब्राउझरमध्ये चालणारी आहेत. वर सांगितलेल्या फॉन्ट कन्व्हर्टरनाही हीच परीक्षा लावा. पीडीएफ लहान करायला तर साइट लागतच नाही, लिब्रेऑफिसमधून पीडीएफ काढताना चित्रांचा दर्जा कमी करायचा पर्याय असतो.

शेवटी विंडोज. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. घरगुती वापरासाठी मुदतवाढ आहे ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. तुमच्या लॅपटॉपच्या वर्णनावरून तो त्यात बसत नाही. तेव्हा लिनक्सचा मिंट हा प्रकार, त्यातही हलकी एक्सएफसीई आवृत्ती. दोन जीबी रॅमवरही निभावते, चारवर नीट चालते. गूगलची क्रोमओएस फ्लेक्स प्रणालीही फुकट आहे, पण त्यात सगळं गूगलच्या खात्यावर येऊन पडतं, म्हणून तुमच्या कामाला मी सुचवणार नाही. एक खर्च मात्र करा : आत जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर साधी एसएसडी बसवून घ्या. फरक बसवलेल्या दिवशी कळतो.

क्रॅक केलेल्या ऑफिसबद्दल उपदेश करत नाही, एवढंच विचारा स्वतःला की ते ऑफिस चालू करणारा ॲक्टिव्हेटर प्रोग्राम चालवताना दुकानदाराने अँटिव्हायरस बंद का केला होता. त्याच मशीनवरून तुम्ही सोसायटीचं नेटबँकिंग करता.

मिंट कायमचं बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, डिस्कला हात लावायची गरज नाही. वायफाय लागतं का, मराठी कीबोर्ड येतो का आणि मुख्य म्हणजे प्रिंटर. एचपीचे बहुतेक प्रिंटर मुकाट चालतात. कॅनॉनचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतो, तो कॅप्ट नावाची कंपनीची खास पद्धत वापरतो. लिनक्सवर तो चालवणारे लोक आहेत, पण खटपट पुष्कळ. तुमचा तोच निघाला तर पीडीएफ करून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवणं सोपं पडेल.

दोन कामं लिनक्सवर न्यायचा हट्ट धरू नका. डिजिटल सहीचं टोकन, कारण सरकारी पोर्टलांची सही करायची साधनं बहुतेक विंडोजसाठीच बनवलेली असतात. आणि टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, ते विंडोजसाठीच आहे. तुमचा हिशेब लिहिणारा त्याच्या मशीनवर टॅली वापरत असेल तर वापरू दे, तुम्ही त्याच्याकडून एक्सेल मागवा.

हे सगळं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काढू नका. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, चौदा दिवस आधी नोटीस जावी लागते आणि त्या दिवसांत नवीन सॉफ्टवेअरमध्ये ताळेबंदाचं कोष्टक हलताना बघण्यात काही मजा नाही. दिवाळीनंतर करा. एसएसडी टाकलीत तर निघालेली हार्डडिस्क दुकानात सोडून येऊ नका आणि पुसूही नका. वर नाव आणि तारीख लिहून निदान पुढचं ऑडिट होईपर्यंत ठेवा. ऑडिटर नेमका तोच कागद मागतो, जो आपण ‘कशाला लागतोय’ म्हणून रूपांतरित केलेला नसतो.